टवका उडालेलं भांडं

रविवारी दुपारी जेवून मी आरामखुर्चीत नुकती टेकले होते, तेवढ्यात ओदिल मागच्या दारानं आत आली. हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसानं भरलेले, ॲप्रन ओलाचिंब. आमची मागची अंगणं एकमेकांना लागून आहेत आणि मधल्या कुंपणाला फाटक कधीच नव्हतं, त्यामुळे ती दार वाजवत नाही. पण एरवी निदान हाक तरी मारते.

"दनीज, जरा चल. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं? ओगुस्तबाबा पडले का?"

"नाही गं. ते टीव्हीसमोर बसलेत. तू चल फक्त."

ओगुस्तबाबा म्हणजे तिचे सासरे. मी तशीच घरातल्या चपला घालून तिच्या मागे गेले.

तिच्या सिंकमध्ये नारिंगी कोकोत ठेवलेली होती. कोकोत म्हणजे बिडाचं जाडजूड भांडं, आतून-बाहेरून एनॅमलचा मुलामा दिलेलं, वर तेवढंच जड झाकण. उत्तर फ्रान्सच्या आमच्या या कोपऱ्यात कोकोत नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. शेजारच्या गावात ती भांडी ओतणारी फाउंड्रीच आहे आणि आमच्यातले निम्मे लोक कधी ना कधी तिथे कामाला होते. बाबांनी तर सगळी उमर तिथे एनॅमलच्या खात्यात काढली.

ओदिलनं भांडं खिडकीच्या उजेडात कलतं केलं. आत, तळाच्या कडेजवळ, करंगळीच्या नखाएवढा काळा डाग दिसत होता. मी बोट फिरवलं. डाग नव्हता, खड्डा होता. पांढऱ्या मुलाम्याचा टवका उडून खालचं बीड उघडं पडलं होतं.

"सकाळी होता का हा?"

"नव्हता. ससा परतायला टाकायच्या आधी मी तळ पुसला ना. नव्हता."

"मग टवका कुठे गेला?"

ती नुसती बैठकीच्या दाराकडे बघत राहिली. आतून टीव्हीवरच्या सायकलशर्यतीचा आवाज येत होता.

त्या दिवशी सुके आलुबुखार घालून शिजवलेला ससा होता. जेवायला तिघंच. ओदिल, तिचा नवरा रोलाँ, आणि बाबा. रोलाँ साखरेच्या बीटाचे ट्रक चालवतो. हंगाम सुरू झाला की त्याला रविवार नसतो, शेवटचा घास तोंडात असतानाच तो निघून गेला होता. राहिले बाबा. मागच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. पाय वाचले, पण उजवा हात बधिर झाला, जीभ जड झाली आणि घास गिळताना ठसका लागायला लागला. दवाखान्यातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की काट्यानं दाबलं की मोडेल इतकं मऊ अन्न द्या. म्हणून ओदिल सगळं त्या कोकोतमध्येच करायची. मंद आचेवर, सकाळभर. मांस हाडावरून आपोआप गळून पडेपर्यंत. बाबा ते न चावताच गिळायचे.

आम्ही उरलेला रस्सा फडक्यातून गाळला. ताटल्यांतली हाडं चिवडली. कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली. सिंकची जाळी उघडली. टवका नाही.

ओदिलनं रोलाँला फोन लावला. "तुझ्या दाताखाली काही आलं का रे जेवताना?"

"काय यायचंय? सशाचं हाड आलं असेल. का?"

तिनं सांगितलं. पलीकडून ट्रकचा घरघराट तेवढा ऐकू येत राहिला. मग तो म्हणाला, "जाईल निघून. लहानपणी मी नाणं गिळलं होतं."

"नाण्याला धार नसते, रोलाँ."

सुट्टीच्या दिवसाच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. बहुतेक वेळा काही होत नाही म्हणाले, पोटात दुखलं, ताप आला, रक्त दिसलं तर लगेच घेऊन या. 'बहुतेक वेळा' हा शब्द ओदिलच्या डोक्यात काट्यासारखा रुतून बसला. फोन ठेवल्यावर ती स्टुलावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दनीज, चूक माझीच आहे. परवा कांदा करपायला लागला म्हणून मी तापलेल्या भांड्यात नळाचं गार पाणी ओतलं. कट्‌ असा आवाज आला होता. तेव्हाच तडा गेला असणार, मी लक्षच दिलं नाही."

"बाबांना सांगितलंस?"

"बाबांना? फाउंड्रीतल्या माणसाला? त्यापेक्षा मी चर्चमध्ये जाऊन पाद्र्यापुढे कबूल करेन."

पण बाबांचे कान शाबूत होते. दारात येऊन उभे राहिले, डाव्या हातानं चौकट धरून. "काय कुजबूज चाललीय? माझ्या कोकोतला काय झालं?"

त्यांना दाखवावं लागलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या खड्ड्यावरून फिरवलं आणि भुवया वर केल्या. "लोखंडी पळी वापरलीस, पोरी."

"नाही हो बाबा. लाकडीच आहे माझी."

"लोखंडी पळीशिवाय असा टवका उडत नाही. मी काय आज बघतोय का?" जड जिभेमुळे शब्द एकमेकांत अडकत होते, पण टोमणा बरोबर पोचला. ते वळून पुन्हा शर्यत बघायला गेले. टवका कुठे गेला असेल हा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही.

काही दिवस गेले. ताप आला नाही, पोट दुखलं नाही. टवका कुठे गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले तसं निघून गेला असेल, नाहीतर सिंकमधून वाहून गेला असेल. पण ओदिलच्या मनातून तो जाईना. बाबांना ठसका लागला की तिचा हात होता तिथे थांबायचा. त्यात त्यांचं खाणं कमी झालं. कोकोत तिनं सिंकखाली ठेवून दिली आणि स्टीलच्या पातेल्यात शिजवायला लागली. पातळ बुडाचं पातेलं. खालून लागायचं, वरून कच्चं राहायचं. मांसाचे दोरे व्हायचे. बाबा दोन घास घ्यायचे, तिसऱ्याला ठसकायचे आणि ताटली सरकवायचे.

"बाबा, थोडं तरी खा ना."

"हे बूट आहेत, पोरी. माझे बूट मी पायात घालतो."

मग ती नुसती सूप करायला लागली. बटाटा, लीकची कांद्यासारखी पात, सलगम, सगळं घोटून. बाबा सूप प्यायचे आणि काही न बोलता पावाचा मऊ भाग कुस्करत बसायचे. आठवड्यानं येणारी नर्स त्यांना वजनकाट्यावर उभं करायची. तिचे ओठ दर वेळी जरा जास्तच मिटलेले असायचे. त्यांची विजार ढगळ झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. शेवटी नर्स म्हणाली, "मादाम, वजन असंच उतरत राहिलं तर त्यांना भरती करावं लागेल. नळीनं खायला घालावं लागेल."

त्या संध्याकाळी ओदिल माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला भांडं पाहिजे. या आठवड्यात पाहिजे."

भांडं मिळवणं सोपं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पेठेतल्या चांगल्या दुकानात काचेआड कोकोती मांडलेल्या होत्या, एकीहून एक सुंदर. ओदिलनं किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि परत होती तशी ठेवली. दुकानदारीण म्हणाली, "जन्मभराची वस्तू आहे, मादाम." ओदिल बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कुणाच्या जन्मभराची? माझ्या तर पगारात नाही बसत ती." ती शाळेच्या खानावळीत अर्धा दिवस काम करते.

मग सुपरमार्केटमधली आणली. दिसायला तश्शीच, किंमत चांगल्या बुटांच्या एका जोडाएवढी. तिसऱ्यांदा शिजवताना झाकणाच्या कडेचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटायला लागला. ओदिलनं त्यातलं अख्खं मांस, बियर, कांदे, सगळं कचऱ्यात ओतलं. ती दुपार मला आठवते. तीन तास शिजवलेलं अन्न ती टाकत होती आणि आतून बाबा विचारत होते, "वास तर छान येतोय. आज काय आहे?"

तेव्हापासून तिला वेडच लागलं म्हणा ना. कुठेही कोकोत दिसली की पर्समधून छोटा टॉर्च काढायची आणि आत डोकं घालायची. रविवारी मी तिला घेऊन जुन्या बाजाराला गेले. आमच्या भागात शरदात गावोगाव रस्त्यावर जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, लोक घरातलं नको असलेलं फुटपाथवर मांडतात. कोकोती डझनानं होत्या. एकीत आतून राखाडी जाळी पडलेली, एकीच्या तळाला भेगा, एकीच्या आत कुणी तरी वॉशिंग मशीनला देतात त्या पांढऱ्या रंगाचा हात मारून खड्डा बुजवलेला. विकणारा दाढीवाला म्हणाला, "बाई, माझ्या आजीनं यात साठ वर्षं शिजवलं."

"आजी आहे अजून?" ओदिलनं टॉर्च न विझवता विचारलं.

"नाही."

"मग कशानं गेली?"

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी ओदिलला दंडाला धरून पुढे नेलं. "अगं, भांडं घेतेयस की जावई बघतेयस? कुठेतरी मान डोलाव आता."

"तुला काय जातंय बोलायला," ती म्हणाली. "घास गिळताना तुला नाही बघावं लागत त्यांच्या गळ्याकडे."

खरं होतं ते. आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

पुढच्या गुरुवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. मी कॉफीत पाव बुडवत होते, तोच ओदिल पुन्हा तशीच आत आली, पण या वेळी अंगात कोट आणि एका हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.

"बाबा घरात नाहीत."

"अंगणात असतील."

"नाहीत. टोपी नाही, कोट नाही. बाजाराची चाकांची पिशवी नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि सिंकखालची कोकोत पण नाही."

झटका आल्यापासून बाबा एकटे कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे गेले नव्हते. पाच किलोचं भांडं घेऊन हा माणूस धुक्यात कुठे जाणार? ओदिलचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की तिच्या मनात कालवा आलाय. कालवा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. कठडा नाही. बाबांना राग आला की ते एखादी वस्तू पाण्यात फेकून देऊ शकतील, आणि डाव्या हातातच जोर उरलेला माणूस भांडं फेकताना स्वतःचा तोल सांभाळेलच असं नाही. तिनं हे काही बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

मी गाडी काढली. मी आयुष्यभर या गावात टपाल वाटलं, एकेक दार मला ठाऊक आहे, पण त्या सकाळी मला रस्तेच ओळखू येईनात. आधी कालव्यावर गेलो. ओदिल काठानं चालत हाका मारत होती, "बाबा, ओ बाबा," आणि धुक्यातून फक्त बदकं उत्तर देत होती. पाण्यावर पानं तरंगत होती, बाकी काही नाही. काही नाही हे बरं की वाईट तेही ठरवता येत नव्हतं. मग कबरस्तान. सेलीनच्या, म्हणजे बाबांच्या बायकोच्या, कबरीवर पितरांच्या सणाला ठेवलेली शेवंतीची कुंडी ओली होऊन वाकली होती. ताजी पावलं उमटलेली नव्हती. मग कॅफे. कॅफेवाला म्हणाला, नाही पाहिलं, पण बस नुकतीच गेली, विचारा.

रोलाँला फोन लागत नव्हता. तो शेतात कुठेतरी बीट भरत असणार. ओदिल पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होती.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "बसच्या मागे जाऊ."

रस्ता बीटाच्या ट्रकांनी आणलेल्या चिखलानं निसरडा झाला होता. शेवटच्या थांब्यावर बस उभी होती, ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. मी काच खाली केली.

"म्हातारे, टोपीवाले, चाकांची पिशवी घेऊन? हो, चढले होते. पिशवी मीच चढवून दिली. काय होतं हो त्यात, गटाराचं झाकण?"

"कुठे उतरले?"

"फाउंड्रीच्या चौकात."

फाउंड्रीच्या चौकात रस्ता ओलांडायला दिवा नाही आणि साखरेच्या कारखान्याकडे जाणारे ट्रक तिथूनच वळतात. मी जमेल तितकी हळू चालवत होते आणि तरी मला वाटत होतं की फार जोरात चाललेय. चौकात धुकं जरा विरळ झालं होतं. फाटकासमोर, फुटपाथच्या कडेला, निळ्या चौकड्यांची चाकांची पिशवी आडवी पडली होती. एकटीच. तोंड उघडं, आत काही नाही.

ओदिल गाडी थांबायच्या आतच उतरली. तिनं पिशवी उचलली, आत हात घातला, जणू बाबा तिच्यात सापडतील. मग रस्त्याकडे पाहिलं. चिखलात चाकांच्या खुणांशिवाय काही नव्हतं. ती हलेना. मला तिला ओढून फाटकाकडे न्यावं लागलं. फाटकाशेजारी फाउंड्रीचंच विक्रीचं दुकान आहे आणि त्याच्या काचेतून मला एक ओळखीची टोपी दिसली होती.

बाबा काउंटरसमोर उभे होते. कोटाच्या एका बाजूला चिखल लागला होता. म्हणजे पिशवीसकट पडले होते, पण उठून भांडं तेवढं घेऊन आत आले होते. काउंटरवर नारिंगी कोकोत, झाकण बाजूला. पलीकडे साबीन नावाची मध्यमवयीन विक्रेती, तिच्याशेजारी टाय लावलेला एक तरुण साहेब.

"मुस्यू, आम्ही पुन्हा मुलामा चढवत नाही," तो साहेब समजावत होता. आवाजावरून तिसऱ्या-चौथ्यांदा समजावत असावा. "कधीच चढवत नव्हतो. आणि हमी आहे ती बनावटीच्या दोषाला. टवका हा वापरातला..."

"मी चढवत होतो," बाबा म्हणाले. "इथे. मागे. भट्टीत. तुझ्या... तू..." पुढचा शब्द जिभेवर येईना. त्यांनी डाव्या हातानं काउंटरवर थाप मारली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि बाटली तोंडाला लावल्याची खूण केली. दोघी हसल्या.

ओदिलनं ते पाहिलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, ती चारचौघांत आवाज चढवणारी नाही. तिनं चढवलाही नाही. ती सरळ बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, रुमालानं त्यांचा ओठ टिपला आणि म्हणाली, "बाबा, दोष बनावटीचा नाही. मी तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं. त्यानं उडाला तो टवका."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे.

"पळी नव्हती?"

"नाही. पाणी. मला भीती वाटली तुमची, म्हणून बोलले नाही. आणि मग तुम्ही खाईनासे झालात, तेव्हा तर..."

बाबांनी खड्ड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग जड जिभेनं, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाले, "सेलीननं पण ओतलं होतं. हिच्या आधीच्या कोकोतमध्ये. निळी होती ती. मी तीन दिवस बोललो नाही तिच्याशी." आणि थोड्या वेळानं, "गाढव होतो."

साबीननं कुठून तरी खुर्ची आणून बाबांना बसवलं. मग साहेबाकडे न बघताच ओदिलला म्हणाली, "मागच्या खोलीत दुसऱ्या प्रतीचा माल आहे. कुठे रंग ओघळलेला, कुठे झाकण जरा तिरकं. बघणार का?"

मागची खोली म्हणजे थंडगार गोदाम, फळ्यांवर कोकोतीच कोकोती. बाबा माझ्या दंडाचा आधार घेत आले आणि तिथे त्यांच्या अंगात एकदम जुना माणूस संचारल्यासारखं झालं. "ही काढ. ही नको. कड बघ हिची, पातळ आलीय. ती वरची दे." साबीन देत होती, ते बोट फिरवून बाजूला करत होते. शेवटी एका लाल कोकोतीवर थांबले. झाकण ठेवलं, उचललं, आत हात फिरवला आणि म्हणाले, "ही. हिला काही झालं नाही. डोळे मिटून घे."

ओदिलनं डोळे मिटले नाहीत. सवयीनं टॉर्च काढला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि मलाही दिसलं. आत, तळ आणि भिंत मिळते तिथे, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. टॉर्चशिवाय दिसणार नाही इतकं. पण गंज तिथूनच शिरला असता आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथला मुलामा सुटला असता.

बाबांनी बधिर हात फिरवला होता. उजवा. चाळीस वर्षांच्या सवयीचा.

ती माझ्याकडे बघायला लागली. बाबांचा चेहरा उजळला होता, महिनाभरात पहिल्यांदा. ती लाल कोकोत घेतली असती तर तो तसाच राहिला असता. आणि मग ती रोज धुताना त्या छिद्राकडे बघत बसली असती, प्रत्येक घासाला पुन्हा श्वास रोखून. मला वाटलं ती घेणार. बोलण्यापेक्षा घेणं सोपं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "इथे जरा बघता? या हातानं."

तिनं त्यांचा डावा हात धरून आत नेला, बोट त्या जागेवर ठेवलं. बाबांनी बोट पुढेमागे केलं. थांबले. पुन्हा केलं. त्यांनी तो हात बाहेर काढला आणि दुसरा हात, उजवा, उलटासुलटा करून बघत राहिले, कुणा परक्याचा असावा तसा. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"माझ्या खात्यात असतीस," ते शेवटी म्हणाले, "तर मी तुला तपासणीला बसवलं असतं. आणि मग तुझ्याशी रोज भांडलो असतो."

"ते घरी करताच की."

साबीनला हसू आवरेना. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ओदिलचा हात हवेतच थांबला. ठसका गेला. "श्वास घे गं," बाबा म्हणाले. "मी घेतला. आता तू घे."

पुढचा अर्धा तास निवड ओदिलनं केली. बाबा खुर्चीत बसून मत देत होते आणि ती कधी ऐकत होती, कधी नाही. शेवटी एक निघाली. रंग शेवाळासारखा, कुणाला आवडणार नाही असा, बाहेर एका बाजूनं मुलामा ओघळून थेंब गोठलेला. आतून मात्र दुधासारखी स्वच्छ. तिनं टॉर्चनं पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली, डोळे मिटून बोटानं पाहिली. मग माझ्या हातात दिली. "तू बघ एकदा." मी पाहिली. मग साबीनला दिली. साबीन म्हणाली, "मादाम, मी विकणारी आहे, माझं काय ऐकता," तरी तिनंही पाहिली. किंमत सुपरमार्केटपेक्षा जास्त होती, पण पेठेतल्या काचेआडच्या कोकोतीच्या निम्म्याहूनही कमी. ओदिलनं पैसे दिले. जुनी नारिंगी कोकोत बाबांनी काउंटरवरून उचलू दिली नाही. "राहू दे इथेच," म्हणाले. "त्या टायवाल्याला फुलं लावायला होईल."

परतताना गाडीत ते मागच्या सीटवर झोपले. ओदिल मांडीवर नवं भांडं धरून बसली होती, दोन्ही हातांनी, मूल धरावं तसं, आणि प्रत्येक खड्ड्याला मला म्हणत होती, "हळू, दनीज, हळू."

रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. बियरमध्ये शिजवलेलं बीफ, कांदे, वर मोहरी फासून टाकलेले जिंजरब्रेडचे, म्हणजे मसाल्याच्या गोड पावाचे तुकडे. रोलाँ पण होता, बुटांना चिखल तसाच. सकाळपासून तिनं मला चारदा कुंपणापाशी बोलावून विचारलं होतं, आच कमी आहे ना, झाकणातून वाफ जातेय ती बरोबर आहे ना, वास येतोय तो जळका तर नाही. टेबलावर भांडं आलं तेव्हा तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

बाबांनी काट्यानं मांसाचा तुकडा दाबला. तो मोडला. त्यांनी तोंडात घातला. रोलाँ एकदम काहीतरी बीटाच्या भावाबद्दल बोलायला लागला आणि मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. ओदिल काटा हातात धरून सासऱ्यांच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ते थांबले, आणि आम्ही तिघंही थांबलो.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले.

ओदिल मीठ आणायला उठली ती सिंकपाशीच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. रोलाँ उठायला लागला, मी त्याला बसवलं. बाबांनी आपणच हात लांब करून डाव्या हातानं पळी घेतली आणि ताटलीत आणखी वाढून घेतलं.

नर्सच्या काट्यावर पुढच्या वेळी वजन तेवढंच भरलं. उतरलं नाही, एवढंच. नर्स म्हणाली, बघू. हिवाळा सरता सरता पट्ट्याचं ते नवीन भोक लागेनासं झालं आणि भरतीची भाषा बंद झाली. ओदिलची काळजी काही गेली नाही, ती जाणारी बाई नाही. आता ती कोकोत गार झाल्याशिवाय पाण्याला हात लावत नाही. रोलाँ कुरकुरतो की रात्रीची खरकटी कोकोत सकाळी कॉफीच्या वेळी ओट्यावर बघावी लागते. बाबा त्याला सांगतात, "तुझ्या आईनं मलाही अशी बघायला लावली असती, तर ती निळी कोकोत वाचली असती. आणि आमचे ते तीन दिवस पण."